हुमणाचे त्रैराशिक

फोंडा तालुक्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आहे. वय ६३. त्यांनी मराठी प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवले, त्यातही गणित आवडीने. एकेकाळी घरात सात माणसे जेवत: सासू-सासरे, नवरा-बायको आणि तीन मुले. सासू-सासरे गेले, मुले लग्ना-नोकरीनिमित्त बाहेर गेली आणि दीड वर्षापूर्वी पतीही गेले. त्या लिहितात: "सासूबाईंच्या वहीतले प्रत्येक माप सात जणांचे आहे. मी सरळ त्रैराशिक मांडले. सातांना एक नारळ, तर एकीला किती? पण हुमण (नारळ वाटून केलेले माशांचे कालवण) कधी आटून खारट होते, तर पाणी वाढवले की फळकवणी. वाटप (वाटलेला नारळ-मसाला) मिक्सरच्या भिंतीला चिकटून जाडसरच राहते. भात खाली लागतो आणि वर कच्चा. उरलेला नारळ बुरसला की जीव जळतो. मुलगी म्हणते, डबा लाव. हल्ली रात्री मी चहा-पावच घेते. एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला, असेही वाटते. माझे गणित कुठे चुकते आहे?"

बाई,

तुमच्या गावात लहानथोर तुम्हाला याच नावाने हाक मारत असणार, म्हणून मीही तसेच लिहिते. पत्र दोनदा वाचले. पहिल्यांदा वाचताना हुमण डोळ्यांसमोर आले, दुसऱ्यांदा तो रात्रीचा चहा-पाव. त्याच्याकडे मी शेवटी येणार आहे. आधी हुमण.

तुमचा भागाकार बरोबर आहे. मिरच्या, धणे, मीठ तुम्ही नीट भागलेत. पण स्वयंपाकघरात काही गोष्टी भागल्या जातच नाहीत: टोपाचे तोंड, शेगडीची धग, मिक्सरचे पाते आणि शिजायला लागणारा वेळ. सासूबाईंच्या वहीत यांतली एकही गोष्ट लिहिलेली नसणार, कारण त्यांना ती लिहावी लागलीच नाही. टोप तोच, चूल तीच, माणसे तीच.

पाण्याचेच पाहा. उकळत्या कालवणातून किती पाणी उडते, हे आत किती कालवण आहे यावर फारसे ठरत नाही. ते ठरते टोपाचे तोंड किती रुंद आहे, आच किती आहे आणि किती वेळ उकळले यावर. समजा, तुमच्या मोठ्या टोपातून वीस मिनिटांत वाटीभर पाणी उडते. सात वाट्या रसातली एक वाटी गेली तर हुमण जरा दाटसर होते, आणि तसेच ते हवे असते. त्याच टोपात, त्याच आचेवर एकच वाटी रस ठेवलात तर वीस मिनिटांनी काय उरणार? पाणी गेले, मीठ मात्र सगळे तिथेच राहिले. म्हणजे "आटते" आणि "खारट होते" या तुमच्या दोन तक्रारींचे कारण एकच आहे. मिठाचा तुमचा हिशेब चुकलेला नाही. दुसऱ्या वेळी तुम्ही अंदाजाने पाणी वाढवलेत, त्या दिवशी आच मंद होती किंवा झाकण होते, म्हणून पाणी उडाले नाही आणि फळकवणी झाली.

उपाय तुम्ही सातवी-आठवीच्या मुलांना सहज समजावून सांगाल असा आहे. वर्तुळाचा व्यास निम्मा केला की क्षेत्रफळ चौथाई होते. २४ सेंटिमीटर तोंडाच्या टोपातले कालवण चौथाई करायचे असेल तर १२ सेंटिमीटरचे भांडे घ्या. रसाची उंची तेवढीच राहील आणि पाणीही त्याच प्रमाणात उडेल. घरात बहुतेक एखादे लहान टोप असतेच, दूध तापवायचे किंवा चहाचे. मातीच्या कुंडल्याची सवय असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात लहान आकाराची मिळतात. डिचोलीचे कुंभारकाम तर प्रसिद्धच आहे. आणि शेगडीची लहान बर्नर वापरा. लहान भांड्याखाली मोठी बर्नर लावली की आग बाजूंनी वर चढते आणि कडेचा रस करपतो.

आता दुसरी गोष्ट. तुम्ही सातने भागलेत. मी म्हणते, सातने भागूच नका.

सासूबाईंनी एक नारळ लिहिला, कारण नारळ एकच फोडतात. त्या घरात पाहुणा आला तरी नारळ एकच असणार आणि दोन माणसे गावाला गेली तरी एकच. हे माप माणसे मोजून काढलेले नव्हते, हाताला बसलेले होते. अशा अंदाजी मापाला सातने भागून 'एक सप्तमांश नारळ' काढला की आकडा अचूक दिसतो, पण त्या अचूकपणाला खाली आधार नसतो. शिवाय त्या सातांत शाळेत जाणारी तीन मुले होती आणि दोन म्हातारी माणसे होती. तुमची भूक त्या सगळ्यांच्या भुकेचा सातवा हिस्सा कशी असेल? त्या पंगतीत शेवटी बसणाऱ्या सुनेच्या वाट्याला तेवढेच येत असेल कदाचित. आज तुमचे ताट पूर्ण माणसाचे आहे, तेव्हा मापही तसेच धरा.

तुमच्या पिढीने पावकी, निमकी, औटकी (पाव, अर्धा, साडेतीन यांचे पाढे) पाठ केली आहे. ती इथे कामाला आणा. सातांची निमकी साडेतीन, पावकी पावणेदोन. अर्ध्याचे अर्धे करायला तराजू लागत नाही, डोळ्यांनी होते. जुनी मापेही तशीच उतरत गेलेली होती: शेराची दोन मापटी, मापट्याची दोन चिपटी, चिपट्याची दोन कोळवी, कोळव्याची दोन निळवी. दर पायरीला निम्मे. ज्यांनी ती मापे वापरली त्यांना कळत होते की हाताला अर्धे करता येते, सातवा हिस्सा काढता येत नाही.

तर तुमच्या वहीतल्या हुमणाची पावकी करू. पत्रात तुम्ही साहित्य कळवले आहेच: एक नारळ, चौदा सुक्या मिरच्या, दोन चमचे धणे, बारा तिरफळे, लिंबाएवढी चिंच, सात बांगडे. पावकीत पाव नारळाचा चव (खोवलेले खोबरे, आपल्याकडची सोय), तीन मिरच्या, अर्धा चमचा धणे, तीन तिरफळे, मोठ्या सुपारीएवढी चिंच आणि दोन बांगडे. साडेतीन मिरच्या येतात, पण तीनच घ्या. तिखट नंतर वाढवता येते, काढून घेता येत नाही. मीठही पावकीपेक्षा जरा कमी घालून सुरुवात करा आणि आच बंद करताना चाखून पुरे करा, कारण किती पाणी उडाले ते तेव्हाच कळते. बांगड्याचा वेळ मात्र कमी करू नका. मासा शिजतो तो त्याच्या जाडीप्रमाणे. टोपात दोन असोत की सात, पाच-सात मिनिटे लागणारच. फक्त रसाला उकळी लवकर फुटेल, तेव्हा जवळ उभे राहा.

एवढ्यात पावणेदोन माणसांचे होते. एक ताट दुपारचे. उरलेले पाऊण माणसाचे हुमण टाकायचे नाही, ते जाणूनबुजून उरवायचे आहे. गोव्यात आपण कालच्या कढीला, म्हणजे आदल्या दिवशीच्या कालवणाला, जो मान दिला आहे, तसा फार थोड्या ठिकाणी मिळत असेल. रात्रभर मुरलेली, सकाळी मंद आचेवर आटवून घट्ट केलेली कालची कढी आणि पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) गरम पाव, पोई किंवा उंडो. शिळे म्हणून नाक मुरडणारे इथे कुणी नाही. एकट्या माणसाने हे धोरणच ठेवावे: आजच्या ताटाबरोबर उद्याची न्याहारी. एकच पथ्य पाळा. हुमण शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात तासाभरातच. भाताबाबत तर हे कटाक्षाने पाळा. उघड्यावर तासन् तास राहिलेल्या भातात जे विष तयार होते ते पुन्हा गरम करूनही जात नाही. आणि परत तापवाल तेव्हा खाण्यापुरतेच काढून, चांगली वाफ येईपर्यंत तापवा.

वाटपाचे दुखणे निराळे आहे. मोठ्या भांड्यात थोडा नारळ घातला की पाते त्याला भिंतीवर फेकते आणि स्वतः रिकामेच फिरत राहते. चटणीचे लहान भांडे वापरले तर निम्मा प्रश्न सुटतो. पण मी तुम्हाला वेगळे सुचवते: वाटप पावकीने करूच नका. सबंध नारळ आदोळीवर (विळीवर) खोवा, वहीप्रमाणे सगळ्या मिरच्या-धणे-हळद घेऊन एकदाच गंधासारखे बारीक वाटा आणि त्याचे चार भाग करा. एक आज वापरायचा, तीन लहान डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात. मीठ आणि तिरफळे त्यात घालू नका, ती त्या त्या दिवशी. डब्यावर तारीख लिहा आणि महिनाभरात संपवा. आदल्या रात्री एक डबा खालच्या कप्प्यात उतरवून ठेवला की सकाळी सुटतो. सुटल्यावर पाणी वेगळे दिसले तर घाबरू नका, चमच्याने हलवले की एकजीव होते. म्हणजे नारळ पूर्ण संपला, बुरसायला काही उरले नाही, आणि वाटण्याचा खटाटोप चार जेवणांना मिळून एकदाच. पावसाळ्यात वीज बराच वेळ गेली आणि डबे पूर्ण सुटले, पण अजून फ्रिजइतके गार असले, तर ते परत गोठवू नका. त्या दिवशी शेजारी एक वाटी हुमण पाठवा.

नुसत्या चवाचेही असेच. भाजीवर घालायला लागणारा चव मुठीमुठीने पुड्या करून गोठवता येतो. नारळ फोडून अर्धा तसाच ठेवायचा असेल तर डोळे असलेली कवड आधी वापरा, ती लवकर बिघडते असे आमच्या घरात सांगत आले आहेत आणि माझाही अनुभव तोच आहे.

भाताला सोपी वाट आहे. उकडे तांदूळ आपण भरपूर पाण्यात शिजवून पेज गाळून घेतो, ती पद्धत एकट्याला फार सोयीची. पाणी जास्तच असते आणि शेवटी गाळायचेच असते, त्यामुळे किती उडाले याची चिंता नाही. लहान टोपात अर्धी वाटी तांदूळ, वर बोटाची तीन पेरे पाणी, कमी वाटले तर मधे उकळते पाणी घाला. ही गाळलेली निवळ टाकू नका, चिमूटभर मीठ घालून दहा वाजता प्या. सुरय (न उकडलेले) तांदूळ मोजक्या पाण्यात शिजवायचे असतील तर ते कुकरमध्ये वाटीत ठेवा. तिथे वाफ कोंडलेली असते, म्हणून वाटीतले पाणी फारसे उडत नाही.

कुकरबद्दल एक सावधगिरी. तळाचे पाणी आणि शिट्ट्या कधीही भागू नका. ते पाणी वाफेसाठी असते, आत मूठभर डाळ आहे की शेरभर याच्याशी त्याचा संबंध नाही. अळसांद्याचा (चवळीचा) एक दाणा शिजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच शंभर दाण्यांना. त्यापेक्षा एका कुकरात तीन वाट्या चढवा: एकीत डाळ, एकीत भात, एकीत बटाटा किंवा भिजवलेले मूग. फोडणीचे तेलही पावकीने उतरत नाही. मोहरी तेलात बुडली नाही तर तडतडण्याआधी जळते. लोखंडी पळीत चमचाभर तेल घ्या, रुंद कढईत नको.

हे वाचणाऱ्यांत पणजी-मडगावला नोकरीसाठी एकटी राहणारी मुले-मुली असतील, आणि बायको माहेरी गेली की वरण कसे करायचे ते विचारणारे गृहस्थही. तुमच्याकडे सासूबाईंची वही नसेल, चौघांसाठीची कृती कप-चमच्यांत समोर असेल. नियम तोच, निम्म्याचे निम्मे. एवढे लक्षात ठेवा की मोठा चमचा १५ मिलिलिटरचा, लहान ५ चा, म्हणजे एका मोठ्यात तीन लहान. पाव कपाचे निम्मे म्हणजे दोन मोठे चमचे. अंडे अर्धे हवे असेल तर फेटून घ्या आणि निम्मे ओता. भाकरीचे पीठ, रवा, डाळ यांसाठी लहान तराजू घेतलात तर फारच सोपे. बाथ किंवा कुठलाही केक मात्र लहान करायच्या फंदात पडू नका. साचा, उष्णता, वेळ सगळेच बदलते. पूर्ण करा आणि वाटा.

बाजारात एकट्याची पंचाईत होते ती वाट्याची. तारल्या, मुडदुशा असे लहान मासे वाट्याने विकतात आणि वाटा एका माणसासाठी नसतो. बांगडे नगावर मिळतात, तेव्हा दोनच मागायला संकोच करू नका. वाटा घ्यायचाच असेल तर शेजारणीबरोबर अर्धा करा, किंवा घरी येताच साफ करून, मीठ-हळद लावून एकेका जेवणाच्या पुड्या गोठवा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात, तेव्हा अशा पुड्यांची किंमत कळते. आणि मेमध्ये पुरुमेंताचा (पावसाळ्याच्या साठवणीचा) बाजार कराल तेव्हा हात आवरा. सोले (आमसुले), तिरफळे, खारे मासे, मिरच्या यांतही सातांचेच माप हाताला येते. एका पावसाळ्याला पुरेल एवढेच घ्या. सोले टिकतात, सुंगटांचे (कोळंबीचे) सोडे दमट हवेत वास धरतात.

काही पदार्थ एकट्याचे होत नाहीत, हेही सांगते. खतखत्याची पावकी करू नका. त्यात भोपळा, सुरण, शेंगा, कणगी, कच्ची केळी हवीत, आणि प्रत्येकाचा एकेक तुकडा घ्यायला सगळ्या भाज्या आणाव्या लागतात. ते खतखते सातांचेच राहू द्या. महिन्यातून एकदा करा, त्या दिवशी कुणाला तरी जेवायला बोलवा. गावात तुमचे विद्यार्थी आहेत, त्यांची मुले आहेत.

आता डबा. मुलगी काळजीने म्हणते आणि तिचे चूक नाही. डबा लावण्यात कमीपणा नाही. पण तुमच्या पत्रात 'डबा की स्वयंपाक' असे एकच टोक निवडायचे आहे असे दिसते, ते मला पटत नाही. अंग दुखते त्या दिवशी, किंवा आठवड्यातले ठरावीक दोन दिवस डबा, बाकी दिवस आपले, असे चालते. मला विचाराल तर रोजचा डबा तुम्हाला मानवणार नाही. ज्या बाईला फळकवणी झालेले हुमण लिहून कळवावेसे वाटते, तिला चवीची पर्वा आहे. ती हातची घालवू नका.

आणि तो चहा-पाव. बाई, मला हुमणापेक्षा याची काळजी वाटली. अधूनमधून ठीक, पण रोज रात्री तेच म्हणजे दिवसातले एक जेवण बंदच झाले. साठीनंतर अंगातली ताकद टिकवायला डाळी, अंडी, मासे जास्त लागतात. रात्री काही रांधायचे नसेल तरी दुपारची वाटीभर डाळ किंवा मुगाची उसळ पावाबरोबर घ्या, नाहीतर अंडे उकडा. भूकच लागत नसेल, कपडे सैल होऊ लागले असतील तर डॉक्टरांना दाखवा आणि "दीड वर्षापूर्वी यजमान गेले" हेही त्यांना सांगा. ते त्या तपासणीचाच भाग आहे.

"एका माणसासाठी एवढा खटाटोप कशाला" असे तुम्ही लिहिलेत. मोठ्या टोपाकडे हात जातो, तो रिकामा दिसतो, आणि मग जेवणच नको वाटते, असे तर होत नाही ना? तुमचे हुमण बिघडले ते टोप आणि आच यांमुळे, पण रात्रीची शेगडी पेटत नाही ती त्यामुळे नसावी. मोठा टोप काही दिवस माळ्यावर ठेवा. टाकू नका, चवथीला मुले आली की लागेल. लहान टोप हाताशी ठेवा आणि उभ्याने, ओट्याशी, भांड्यातूनच खाऊ नका. ताट घ्या, बसा. मनात असेल तर त्याच वेळी मुलीला फोन लावा.

सासूबाईंच्या वहीत प्रत्येक कृतीसमोर थोडी जागा असेल. तिथे पावकीचे आकडे लिहून ठेवा, आणि कोणत्या टोपात केले तेही. शिसपेनने लिहा. पहिल्या दोन-तीन वेळा ते बदलावे लागतील.